चाल तीच, तबकडी दुसरी

माणसाला एखादा छंद असावा, असे शाळेच्या निबंधमालेत छापलेले असते. तो कितपत असावा, हे मात्र कुठेही छापलेले नसते. घोटाळा तिथेच होतो. पोस्टाची तिकिटे जमवणारा पुढे पुढे आलेले पत्र वाचतच नाही, नुसते पाकीट बघतो. नाणी जमवणाऱ्याला चालू नाणे खर्चायलासुद्धा जड जाते. तरी हे छंद निदान समजण्यासारखे आहेत. पण धुळ्याचे आमचे एक स्नेही आहेत, त्यांचा छंद ऐकला की समोरचा माणूस आधी "हो का?" म्हणतो आणि मग खुर्ची जरा मागे घेतो.

हे गृहस्थ ग्रामोफोनच्या तबकड्या जमवतात. इथपर्यंत ठीक. पण गाजलेल्या गाण्याची गाजलेली तबकडी त्यांना नको असते. ती सगळ्यांकडेच असते, म्हणतात. तेच गाणे नंतर दुसऱ्या कुणी, दुसऱ्या ठेक्यावर, भलत्याच वाद्यांच्या साथीने म्हटलेले असावे आणि ते फारसे कुणी विकत घेतलेले नसावे, अशी तबकडी त्यांना हवी असते. थोडक्यात, गाण्याचे पहिले लग्न त्यांना चालत नाही. बिजवराशी, चार माणसांत, घाईघाईने उरकलेले लग्न पाहिजे.

अशी एखादी तबकडी घरात आली की त्यांच्या सौभाग्यवतींशी जो संवाद होतो, तो आम्ही एकदा प्रत्यक्ष ऐकला आहे.

"अहो, हे गाणं आपल्याकडे आहे ना?"

"आहे की. पण ते दुसऱ्याने म्हटलेलं."

"मग यानं परत कशाला म्हटलं?"

"तेच तर ऐकायचं!"

"बरं. उद्यापासून सकाळचीच आमटी रात्री वाढते. तीसुद्धा अशीच कौतुकाने जेवा."

"तसं नव्हे गं. तुझी आमटी आणि आईची आमटी यांत फरक असतो की नाही?"

वाद जिंकणारे वाक्य आणि घरात उच्चारण्याजोगे वाक्य ही दोन निरनिराळी असतात. आम्ही चहा अर्धा टाकून उठलो.

मात्र वहिनींचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. एकाने म्हटलेले गाणे दुसऱ्याने परत कशाला म्हणायचे? आपल्या संगीत नाटकाला हा प्रश्न विचारला असता, तर ते उभेच राहिले नसते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. कुणाच्या घरी नाटकाची जुनी छापील प्रत असेल तर उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि पुढे भलत्याच गाण्याचा उल्लेख सापडेल. म्हणजे हे पद त्या गाण्याच्या चालीवर म्हणावे. कुठे साकी-दिंडी, कुठे कानडी चाल, कुठे बायकांच्या गाण्यातली. रक्कम कुठल्या खात्यातून आली ते शेजारच्या रकान्यात लिहिलेले! आमच्या बँकेतसुद्धा इतका चोख व्यवहार दर वेळी दिसत नाही. पुढे १९११ साली 'मानापमान' आले. त्याच्या चाली देताना गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांना मराठी शालू नेसवला. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींना रुक्मिणीच्या अंतःपुरात आणून बसवले. ज्याला आपण अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणून डोळे मिटून मान डोलावतो, त्यातला मोठा भाग दुसऱ्या बोहल्यावर चढलेला आहे. आणि संसार तर झकास झाला!

या दोन्ही नाटकांत नायिका होऊन गाणारे बालगंधर्व लहानपणी आमच्या जळगावात नातलगांकडे राहून मेहबूबखाँ यांच्याकडे गाणे शिकले. जळगावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे, त्यामुळे हा मुद्दा आम्ही जळगावकर कुठल्याही संभाषणात घुसवतो. धुळेकरांना ते आवडत नाही, पण त्याला इलाज नाही.

बालगंधर्व रंगमंचावर एकच पद वन्समोअर घेत घेत मध्यरात्रीपर्यंत नेत. तबकडीवर त्याच पदाला तीन-साडेतीन मिनिटे मिळत. कारण एका बाजूवर मावे तेवढेच गाणे. ज्यांनी नाटक पाहिले ते म्हणत, 'रेकॉर्डीत ती मजा नाही.' ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी रेकॉर्ड हीच मजा. आता नाटक पाहिलेले कुणी उरले नाहीत. तबकड्या उरल्या आहेत.

आपल्याकडे हा तबकड्यांचा कारभार सुरू झाला १९०२ साली. फ्रेड गैसबर्ग नावाचा साहेब यंत्र घेऊन कलकत्त्याला उतरला आणि गौहरजानने त्याच्या कर्ण्यात गाऊन घेतले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव ठणकावून सांगते. त्याचे कारण असे सांगतात की, तबकडी छापून निघायची जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे कसे? पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि प्रवास वाचला.

ही तबकडी असायची लाखेची. लाख, दगडाची पूड, काजळी आणि धरून ठेवायला थोडा कापसाचा तंतू. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्याने तयार केलेली. आणि साऱ्या जगाला ती मुख्यतः हिंदुस्थान पुरवी. कॅरुसो असो की बालगंधर्व, दोघांचा आवाज आमच्या किड्यांच्या अंगावरून गेला आहे. १९४२ साली युद्धामुळे लाखेची वाट अडली, तेव्हा अमेरिकेत सरकारने तबकड्यांसाठीची लाख एकदम सत्तर टक्क्यांनी कापली. मग जुन्या तबकड्या आणून द्या, त्या वितळवून नव्या करू, अशी मोहीम निघाली. त्या भट्टीत काय काय गेले, याचा हिशेब आता कुठलाही ऑडिटर लावू शकणार नाही.

आता अमेरिकेचे नाव निघालेच आहे तर स्नेह्यांच्या कपाटातल्या सगळ्यांत वरच्या खणाकडे वळू. तिथे 'ब्लूज' नावाचे प्रकरण आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या मजुरांचे हे गाणे. खानदेशच्या माणसाचा याच्याशी काय संबंध, असे म्हणू नका. त्याच रानातल्या गुलामगिरीवरून १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि इकडे जळगाव कापसाची मोठी पेठ झाले. युद्ध संपले, भाव कोसळले आणि जळगावचे व्यापारी कपाळाला हात लावून बसले. म्हणजे मिसिसिपीत सुख-दुःखाचे जे काही होई, त्याची खतावणी जळगावात होत असे.

या गाण्याचे एक थोर गायक मडी वॉटर्स. तेही त्या रानातलेच, कापूस वेचणारे. १९४१ साली ॲलन लोमॅक्स हा संशोधक वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयातर्फे यंत्र घेऊन त्यांच्या खोपटात पोचला आणि त्याने त्यांचा आवाज उतरवून घेतला. पुढे ते शिकागोला गेले, नावारूपाला आले. मग १९६० नंतरच्या दशकात जेम्स ब्राऊन वगैरे मंडळींनी 'फंक' नावाचा ठेका रूढ केला. फंक समजायला फार विद्वत्ता लागत नाही. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपल्या समेवर, सासूने धुणे आपटावे तसे आपटायचे आणि बाकीच्या मात्रांवर कंबर हलवायची. तरुणांना हे आवडते म्हटल्यावर कंपनीने १९६८ साली मडी वॉटर्सना त्यांचीच जुनी गाणी विजेच्या गिटारींच्या गदारोळात, नव्या ठेक्यावर पुन्हा गायला लावली. ती तबकडी खुद्द त्यांना आवडली नाही. पुढच्या साली तोच प्रयोग हाउलिन वुल्फ या दुसऱ्या बुजुर्गावर झाला. त्यांनी इतकी कुरकुर केली की कंपनीने तबकडीच्या वेष्टणावरच छापून टाकले: हा यांचा नवा संग्रह आहे आणि तो यांना पसंत नाही. इतका प्रामाणिक व्यापारी मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही. दुकानदाराने पेढ्याच्या खोक्यावर 'आमच्या आचाऱ्याला हे पेढे आवडत नाहीत' असे छापावे, तशातला प्रकार! गंमत अशी की, नंतरच्या पिढीने त्याच दोन तबकड्या डोक्यावर घेतल्या. ब्लूजचे फंक करणाऱ्या अशा तबकड्या शोधत आज जगभर माणसे हिंडतात.

किमतीचे विचारू नका. २०१३ साली टॉमी जॉन्सन या ब्लूजगायकाची एक जुनी लाखेची तबकडी लिलावात ३७,१०० डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने तेवीस लाखांच्या आसपास. जगात तिच्या दोनच प्रती ठाऊक होत्या. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वस्तू जुनी झाली की दरसाल घसारा काढायचा, एवढेच आम्हांला शिकवलेले. इथे घसारा उलटा चालतो. आणि दुर्मीळ म्हणजे काय? बहुतेक वेळा दुर्मीळ म्हणजे त्या काळी न खपलेली. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. लोकांनी ढुंकून पाहिले नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती तबकडी दिल्लीत सापडली, २०१० साली तिकडे ती नव्याने निघाली आणि म्हाताऱ्या चरणजितजींना परदेशातून बोलावणी येऊ लागली. बुडीत खात्यात टाकलेले कर्ज व्याजासह वसूल झाले!

आमच्या स्नेह्यांचे भांडवल मात्र इतके नाही. ते जुन्या बाजारात उकिडवे बसून ढीग उपसतात. तिथला एक भंगारवाला त्यांना नेहमी अहिराणीत विचारतो, "भाऊ, ह्या तवा कसाले लई ऱ्हायनात? यानावर भाकर बी व्हस नही." हे अगदी खरे आहे. शिवाय खानदेशचा उन्हाळा या छंदाचा उघड वैरी. लाखेची तबकडी पडली की फुटते, आणि प्लॅस्टिकची जातवान एल. पी. मे महिन्यात खिडकीशी राहिली की तिचा द्रोण होतो. चौवेचाळीस अंशांत गच्चीवर बिबडे वाळतात, तबकड्या नव्हे. म्हणून घरातली सर्वांत थंड खोली तबकड्यांना दिलेली आहे. वहिनींच्या मनात जे आहे ते इथूनच सुरू होते.

तरीही धुळ्याच्या माणसाने असे वागावे, याला परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचे, वाळवी लागलेले कागद गोळा करीत. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यातून उभे राहिले. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच आहे. 'हे रद्दी कागद कशाला हवेत?' असे त्यांनाही कुणीतरी विचारलेच असेल. तबकडीवाल्यांनीही १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था काढली. कुठली तबकडी, कुणी गायली, कधी निघाली, याच्या नोंदी ही मंडळी निष्ठेने करीत आली. आमच्या लेजरपेक्षा ते काम कठीण. लेजर निदान शाईत असते.

हे सगळे वेड कशासाठी, याचे उत्तर मला धुळ्यात नव्हे, जळगावातच सापडले. १९४१ साली मडी वॉटर्सच्या खोपटात ते यंत्र पोचले, तेव्हा आमची बहिणाबाई जळगावात होती, नुकती साठी ओलांडलेली. तिकडे जसा कापूस तसाच इकडे. जात्यावर, शेतात ती गाणी रचायची. लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ती टिपून ठेवली. १९५१ साली ती गेली आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. शब्द वाचले. १९६१ साली 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यांना चाली दिल्या. नंतर यशवंत देवांनी दिल्या आणि उत्तरा केळकरांनी ती गायली. सगळी गाणी गोड आहेत. आमच्या स्नेह्यांकडे ती सगळी आहेत आणि ते ती पाठोपाठ लावून फरक समजावून सांगतात.

पण त्यांतली एकही चाल जात्यावरची नाही. तिने स्वतः ओवीचा शेवट कुठे सोडला, दम कुठे घेतला, लेवा बोलीतला हेल कसा काढला, हे वहीत उतरत नाही. २०१८ साली विद्यापीठाला तिचे नाव दिले. आवाज देता येईना. बहिणाबाईचे जे काही आपण ऐकतो, ते दुसऱ्याने म्हटलेले. पहिली तबकडी निघालीच नाही.

परवा हे मी त्या वहिनींना सांगितले. त्या गव्हातले खडे काढत होत्या. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या आईच्या ओव्या मला अजून येतात. चाल तीच. पण तिच्यासारख्या होत नाहीत." आणि आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या टेपवर आवाज उतरवून घेता येतो ना? मग ती इकडे आणा."

स्नेही टेप घेऊन इतक्या लगबगीने आले की वाटेतल्या दोन तबकड्यांना पाय लागला. ते वळूनही पाहत नव्हते.