पोरांवर औषध तपासायचे कुणी?

मंडळी, दारू सोडवणाऱ्या गोळ्यांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट राहून राहून खटकली. मोठ्या माणसांना या गोळ्या देऊ लागल्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. मिसरूड फुटलेल्या पोरांवर त्या नीट तपासून पाहायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले!

सुरुवात मोठी गमतीची आहे. कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक डायसल्फिरम हे रसायन जंतांवर चालते का, ते पाहत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले. पण नंतर दारू घेतली की तोंड लालबुंद, छातीत धडधड आणि मळमळ! शरीरात दारूपासून जे विषारी द्रव्य तयार होते, त्याचा निचरा ही गोळी अडवते. १९४८ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. थोडक्यात, ही गोळी म्हणजे मास्तरची छडी. आपल्याकडे काही घरांत ती नवऱ्याला भाजीत कालवून चोरून देतात. हे जिवावर बेतू शकते, तेव्हा कृपा करून कुणी करू नका.

दुसरी गोळी नाल्ट्रेक्सोन. ती धाक दाखवत नाही, पिण्यातली मजाच कमी करते. १९९२ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि न्यू हेवन येथे तिच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. काहींना खरी गोळी, काहींना हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी. न्यू हेवनला गोळीबरोबर समुपदेशनही जोडले होते. १९९४ मध्ये अमेरिकेत या औषधाला दारूसाठी मंजुरी मिळाली.

मग गोळी आणि समुपदेशन दोन्ही दिले तर दुप्पट गुण येईल, असे कुणालाही वाटेल. २००६ साली 'कम्बाइन' नावाच्या अभ्यासाचा निकाल लागला. ११ केंद्रे, १३८३ रुग्ण. नियमित वैद्यकीय देखरेखीबरोबर नाल्ट्रेक्सोन किंवा सखोल समुपदेशन यांपैकी एक दिले तरी फायदा झाला. पण दोन्ही एकत्र दिल्याने त्यात भर पडली नाही. चाचणी कशासाठी करायची, ते इथे कळते. आपला अंदाज कितीही शहाणा असला, तरी पेपर तपासल्याशिवाय मार्क देता येत नाहीत.

पण हे सारे रुग्ण प्रौढ होते. पोरांचे काय?

२००३ साली ऑस्ट्रियात डायसल्फिरमचा एक छोटा अभ्यास झाला, त्यात मुले अवघी २६. २००८ साली मुंबईतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी किशोरवयीन मुलांमध्ये डायसल्फिरम आणि नाल्ट्रेक्सोन यांची तुलना केली. २०१४ मध्ये अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या २२ जणांना काही दिवस नाल्ट्रेक्सोन दिले; पिणे आणि पिण्याची ओढ दोन्ही कमी झाली. सगळे मिळूनही मुले तशी मोजकीच! गोळी आणि समुपदेशन या जोडीची मुलांवरची मोठी परीक्षा तर लांबच राहिली. अठराखालच्या मुलांसाठी दारू सोडवणारे एकही औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केलेले नाही.

कारणे खोटी नाहीत. मेंदू अजून वाढत असतो. आईवडिलांची संमती लागते, आणि तिथे घरातले झाकलेले उघडे पडते. मुलाला तर आपल्याला आजार आहे हेच पटत नसते. म्हणून संशोधकांनी मुलांना जपले, चाचणीबाहेर ठेवले. पण त्यामुळे झाले काय? असे मूल समोर आले की डॉक्टरला मोठ्यांच्या अनुभवावरून अंदाज बांधावा लागतो. म्हणजे प्रयोग होतोच, फक्त त्याची नोंद कुठे राहत नाही.

मी नोकरीत असताना नववीतल्या एका मुलाच्या तोंडाला वास आला. दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावून शाळेने दाखला हातात ठेवला. शिस्त राहिली, शाळेचे नावही राहिले. त्या पोराची दारू सुटली का, हे विचारायला कुणीच उरले नाही.

जपणे आणि दूर ठेवणे यांत फरक आहे, मंडळी. तो आपण कधी शिकणार?