मसूर स्थानकावरील मूल आणि मनोविश्लेषणाची मर्यादा

व्यक्तिमत्त्वाची घडण बालपणात होते, हा विचार आज इतका रूढ झाला आहे की त्यालाही एक इतिहास आहे याचा विसर पडतो. सिग्मंड फ्रॉईड (1856–1939) यांनी व्हिएन्ना येथे मांडलेल्या मनोविश्लेषणातून ही मनोगतिक विचारपरंपरा उदयास आली. जाणिवेच्या तळाशी नेणिवेचा प्रदेश असतो. बालपणी दडपलेल्या इच्छा, भीती व क्रोध तेथे जिवंत राहतात आणि प्रौढ वयातील वर्तनास वळण देतात, हे तिचे मुख्य प्रतिपादन होय. आई, वडील आणि मूल हा त्रिकोण तिच्या केंद्रस्थानी आहे. आल्फ्रेड ॲडलर 1911 मध्ये फ्रॉईडपासून अलग झाले; न्यूनगंडाची कल्पना त्यांच्या नावाशी जोडली जाते. एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या आठ अवस्था सांगितल्या. भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कलकत्त्यास मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. या संस्थेने 1940 मध्ये सुरू केलेल्या मनोरुग्णालयाचे नाव ‘लुंबिनी पार्क’ होते, ही गोष्ट आपल्या वाचकांस सहसा ठाऊक नसते.

या शास्त्राकडे वळण्याचे कारण असे. हिंगणघाट तालुक्यातील वडनेर येथे वर्षावासातील एका व्याख्यानानंतर एका शिक्षिकेने विचारले, “सर, बाबासाहेबांना लहानपणी जे भोगावे लागले त्या जखमेतूनच धर्मांतर घडले, असे मानसशास्त्राच्या आधारे म्हणता येईल काय?” प्रश्न प्रामाणिक होता. परंतु हेच विधान आपल्या विरोधकांच्या तोंडीही असते आणि तेथे त्याचा अर्थ बदलतो. धम्मक्रांती म्हणजे एका दुखावलेल्या मनाची प्रतिक्रिया, असे त्यातून सुचविले जाते. म्हणून त्याची तपासणी करणे अवश्य आहे.

बालमनाचा विचार पालि वाङ्मयास नवा नाही. मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात मुलाच्या वाढीचे वर्णन येते. गर्भ, जन्म, मातेचे दूध, मग खेळणी. लहानसा नांगर, विटीदांडू, भिरभिरे, छोटा रथ, धनुष्य अशी ती यादी वाचताना विदर्भातील कोणतेही अंगण डोळ्यांपुढे उभे राहावे. त्याच निकायातील महामालुंक्य सुत्त अधिक खोल जाते. उताण्या निजलेल्या तान्ह्या बालकास ‘मी’ ही कल्पनाही नसते, तरी तिचा अनुसय, म्हणजे सुप्त प्रवृत्ती, त्याच्या ठायी असते, असे तथागत तेथे सांगतात. अनुसय सात आहेत: कामराग, पटिघ, दिट्ठि, विचिकिच्छा, मान, भवराग आणि अविज्जा. फ्रॉईडची नेणीव आणि अनुसय या दोन्ही कल्पना एकच आहेत असे सांगण्याचा मोह काही लेखकांना होतो. मला तो मान्य नाही. फ्रॉईडच्या नेणिवेत दडपलेल्या गोष्टींचा साठा असतो. अनुसय कोणी दडपलेला नसतो, तो अनुकूल निमित्त मिळताच उठतो. निमित्तावरील हा भर आपल्या विषयास फार उपयोगी आहे.

आता बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींकडे वळू. त्या 1935–36 च्या सुमारास लिहिल्या गेल्या आणि 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. प्रसंग 1901 चा आहे. वडील रामजी दुष्काळी कामावर खजिनदार म्हणून साताऱ्यापासून दूर राहत होते. भीमराव, त्यांचे बंधू व दोन भाचे नवे कपडे घालून आनंदाने त्यांच्याकडे निघाले. मसूर स्थानकावर उतरले, तर न्यायला कोणीच आलेले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली. आपण महार आहोत, असे भीमराव सहज बोलून गेले. त्या गृहस्थांचा चेहरा पालटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. पुढे दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर, एक गाडीवान कबूल झाला. रात्र काढावी लागली. मुलांजवळ अन्न होते, पण प्यावयास पाणी मिळाले नाही.

येथे मनोगतिक दृष्टी लावू. आई भीमाबाई आधीच वारल्या होत्या. मातृवियोग हा या शास्त्राचा आवडता विषय. तथापि बाबासाहेबांच्या या लेखनात घर हे जखमेचे ठिकाण नाही. घरी आत्या मीराबाई होत्या, शिक्षणाचा ध्यास घेतलेले वडील होते. आघात झाला तो फलाटावर आणि रस्त्यावर, अनोळखी माणसांकडून. आई-वडील-मूल या त्रिकोणात स्टेशनमास्तरांना कोठेच जागा नाही.

हीच अडचण फ्रांझ फॅनन या मार्टिनिक येथील कृष्णवर्णीय मनोवैद्यास जाणवली होती. वर्णद्वेषाने मनावर होणारा परिणाम केवळ व्यक्तीच्या जीवनेतिहासातून उलगडत नाही, त्याचे मूळ समाजरचनेत शोधावे लागते, असे त्यांनी 1952 मध्ये प्रतिपादले. फॅनन यांनी मनोविश्लेषण टाकून दिले नाही. त्याची दिशा वळवली.

आपणही ती वळवावी. खरे गूढ भीमरावांच्या मनाचे नाही, स्टेशनमास्तरांच्या मनाचे आहे. मुलांच्या स्थितीने हा मनुष्य द्रवला होता. एक शब्द ऐकताच त्याला किळस आली. मग अर्ध्या तासाने तो परत आला आणि गाडीची तोड त्यानेच सुचविली. करुणा आणि किळस एकाच चित्तात, काही मिनिटांच्या अंतराने! विचार करून कोणी असे मागे सरत नाही. निमित्त मिळताच उठणारा पटिघ तो हाच, आणि त्याच्या जोडीला मान. अभिधम्मात ‘मी श्रेष्ठ’, ‘मी समान’, ‘मी हीन’ अशी मानाची तीन रूपे सांगितली आहेत. ‘मी हीन’ हाही मान आहे, हे ॲडलरच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. परंतु भीमरावांचे उत्तर न्यूनगंडाचे नव्हते. त्यात संकोचही नव्हता. हीनत्व समोरच्याने लादले. मागे सरण्याची ही सवय स्टेशनमास्तरांना कोणी लावली, कोणत्या वयात, कोणत्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर? जात ही मनाची अवस्था आहे, असे बाबासाहेबांनी 1936 मध्ये लिहिले तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः या मनाकडे होता.

वडनेरच्या प्रश्नाचे उत्तर त्या आठवणींच्या रचनेतही आहे. 1901 नंतर त्यांत 1917 चे बडोदे, 1929 चे चाळीसगाव, 1934 चा दौलताबादचा किल्ला येतो. आणि पुढे बाबासाहेब स्वतः बाजूला होऊन इतरांचे अनुभव मांडतात. ही साक्षीदाराची पद्धत आहे. येवल्याची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ची आणि दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आहेत. बालपणीच्या वेदनेची खूण राहिली, हे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. पण वेदनेने प्रश्न दिला. उत्तर वाचन, चिंतन व तुलनेतून आले. कारण आणि प्रमाण यांतील हा भेद आपल्या तर्कपरंपरेला अपरिचित नाही.

1978 मध्ये सुधीर कक्कर यांचा ‘द इनर वर्ल्ड’ हा हिंदू बालपणाचा मनोविश्लेषणात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मराठीत दया पवार यांचे ‘बलुतं’ आले. पुढे कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि 1995 मध्ये वसंत मून यांची ‘वस्ती’. फलाटाच्या या बाजूच्या बालपणाची साधने अशी विपुल आहेत. दुसऱ्या बाजूची, म्हणजे आपण मागे सरावयास केव्हा व कसे शिकलो हे सांगणारी सवर्ण आत्मचरित्रे, शोधू लागल्यास फारच थोडी हाती लागतात.