फारसी गालिच्याच्या गाठी कोणी मारल्या?

इराणमध्ये गालिच्याला ‘फर्श’ म्हणतात. हा शब्द मराठीत आला आणि त्याची ‘फरशी’ झाली. तिकडे लोकरीचा असलेला शब्द इकडे दगडाचा झाला. ‘गालिचा’ हा शब्दही तिकडचाच. फारसीत मोठ्या गालिच्याला ‘काली’ आणि लहान गालिच्याला ‘कालीचे’ म्हणतात. आपल्या बैठकीतली जाजम ही इराणातल्या ‘जाजीम’ची नातेवाईक. थोडक्यात, आपण ज्यावर बसतो, जेवतो, नमाज पढतो आणि पाहुण्याला बसवतो, त्यातल्या कितीतरी वस्तूंची नावे फारसीच्या वाटेने आपल्या घरात आली. नावे आली, वस्तू आल्या, पण त्या विणणाऱ्या हातांची गोष्ट मात्र मागेच राहिली.

फारसी गालिच्यांवर लिहिणारे बहुतेक जण बादशहांपासून सुरुवात करतात आणि लिलावातल्या किमतीपाशी येऊन थांबतात. मला त्याच इतिहासातल्या दोन घटना जवळजवळ ठेवून पाहाव्याशा वाटतात. दोन्हींत एक अमूल्य फर्श कापली गेली. एकदा मदीनेत, इसवी सनाच्या सातव्या शतकात. दुसऱ्यांदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बाजारासाठी. कापण्याची कारणे मात्र अगदी वेगळी होती.

मदीनेत कापलेला वसंत

हिजरी १६, म्हणजे इ. स. ६३७. साद इब्न अबी वक्कास (र.) यांच्या फौजेने सासानी साम्राज्याची राजधानी मदायन जिंकली. राजवाड्यात एक प्रचंड फर्श सापडली. ‘बहार-ए-किसरा’, म्हणजे किसराचा वसंत, या नावाने ती इतिहासात ओळखली जाते. इतिहासकार तबरी यांनी तिचे वर्णन केले आहे. ६० हात लांब, ६० हात रुंद. त्यावर बाग होती, पाण्याचे पाट होते, फुले आणि फळे होती, आणि हे सगळे रेशीम, सोने-चांदी व रत्नांनी सजवलेले. हिवाळ्यात बाहेरची बाग सुकली की बादशहा आणि त्याचे दरबारी या बागेत बसून मद्यपान करीत.

सैनिकांच्या संमतीने ही फर्श न कापता मदीनेला पाठवली गेली. हजरत उमर (र.) यांनी सोबत्यांचा सल्ला घेतला. काहींचे म्हणणे पडले की खलिफांनी ती आपल्या मर्जीप्रमाणे ठेवावी. हजरत अली (र.) यांनी मात्र वेगळा सल्ला दिला. आज ती अखंड ठेवली, तर उद्या हक्क नसलेला कोणीतरी तिच्यावर हक्क सांगेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उमर (र.) यांनी फर्श कापून वाटून टाकली. अली (र.) यांच्या वाट्याला आलेला तुकडा काही सर्वांत चांगला नव्हता, तरी तो २० हजार दिरहमला विकला गेला, असे तबरी नोंदवतात.

कलेचा अभ्यास करणाऱ्याला हे वाचून हळहळ वाटते, आणि ती वाटायलाच हवी. एक अद्वितीय वस्तू जगातून नाहीशी झाली. पण त्या निर्णयामागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक संपत्ती एका माणसाच्या पायाखाली अंथरली जाऊ नये, ती सर्वांमध्ये वाटली जावी, असा तो विचार होता. त्या वाटपातही एक वाटेकरी नव्हता. ज्यांनी ही फर्श विणली, त्यांचे नाव ना किसराच्या दरबाराने ठेवले, ना ती जिंकणाऱ्यांना ते ठाऊक होते.

गाठीचे गणित

गाठींच्या गालिच्याची कला याहून कितीतरी जुनी आहे. सैबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक येथे रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेंको यांना १९४९ मध्ये बर्फाने गोठलेल्या एका थडग्यात गालिचा मिळाला. साधारण दोन मीटर चौरस. काळ इसवी सनापूर्वीचे पाचवे-चौथे शतक. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. तो इराणी हातांनी विणला की तिथल्याच लोकांनी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण त्याची वीण इतकी सफाईदार आहे की तेव्हाही ही कला नवशिकी नव्हती, हे उघड दिसते.

पद्धत सांगायला सोपी आहे. उभ्या मागावर ताण्याचे धागे ताणून बांधायचे. ताण्याच्या दोन धाग्यांभोवती रंगीत लोकरीचा तुकडा गुंडाळून गाठ मारायची आणि टोक कापायचे. मग पुढची गाठ. एक ओळ पूर्ण झाली की बाण्याचा आडवा धागा घालायचा आणि जड फणीने ठोकून ओळ घट्ट बसवायची. शेवटी कात्रीने सगळा पृष्ठभाग एकसारखा करायचा. गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या, फारसी आणि तुर्की. गंमत म्हणजे फारसी गाठीला इराणातल्या सेन्ने, म्हणजे आजच्या सनंदज, या शहराचे नाव आहे, पण त्या शहरातले विणकर तुर्की गाठ मारतात!

लाल रंग मंजिष्ठेच्या मुळांपासून, निळा नीळेपासून, तपकिरी अक्रोडाच्या सालींपासून, पिवळ्या छटा डाळिंबाच्या सालींपासून आणि रानफुलांपासून. या कलेत रंगाऱ्याचा मान मोठा.

आता गणित पाहा. इराणमध्ये विणीचा बारीकपणा ‘रज’ या मापाने सांगतात. सुमारे ७ सेंटीमीटर रुंदीत किती गाठी बसल्या, तेवढे रज. ५० रजच्या गालिच्यात एका चौरस मीटरला सुमारे ५ लाख गाठी बसतात. दोन मीटर बाय तीन मीटरच्या गालिच्यात ३० लाख. हात बसलेली विणकर दिवसाला आठ हजार गाठी मारते असे धरले, तर एकटीला एक वर्षाहून जास्त काळ रोज मागावर बसावे लागेल. आपल्या दिवाणखान्यात जो गालिचा तीन पावलांत ओलांडला जातो, तो कोणाच्या तरी आयुष्याचे एक पूर्ण वर्ष असतो.

मकसूद काशानी आणि दुसरा गालिचा

सफवी काळ हा या कलेचा सुवर्णकाळ. शाह तहमास्पच्या कारकिर्दीत (१५२४–१५७६) दरबारी कारखान्यांत चित्रकार नक्षी काढत आणि विणकर ती लोकरीत उतरवत. याच काळातला सर्वांत नामांकित गालिचा अर्दबीलचा. सफवी घराण्याचे मूळपुरुष सूफी शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यासाठी तो विणला गेला, असे मानले जाते. साडेदहा मीटर लांब, पाच मीटरहून अधिक रुंद, रंग दहा, आणि गाठी अडीच कोटींहून अधिक. त्याच्या एका टोकाला चौकटीत हिजरी ९४६ (इ. स. १५३९–४०) हे साल आहे आणि एक नाव आहे, मकसूद काशानी. त्याने स्वतःला या उंबरठ्याचा सेवक म्हटले आहे.

इतक्या जुन्या गालिच्यावर नाव आहे, याचा आनंद वाटतो. पण अडीच कोटी गाठी एका मकसूदने मारलेल्या नाहीत. तो बहुधा काम करवून घेणारा दरबारी अधिकारी किंवा नक्षीकार असावा. मागावर एका वेळी आठ-दहा जण काही वर्षे तरी बसले असतील. त्यांतले एकही नाव चौकटीत नाही.

हा गालिचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला पोहोचला. १८९३ मध्ये विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीवरून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने (तेव्हाचे साउथ केन्सिंग्टन म्युझियम) तो २ हजार पौंडांना विकत घेतला. पुढे कळले की गालिचे दोन होते, अगदी जुळे. लंडनचा गालिचा अखंड दिसावा म्हणून दुसऱ्याचे भाग कापून पहिल्याला ठिगळे लावली गेली होती. उरलेला, किनार नसलेला दुसरा गालिचा अमेरिकेत गेला. १९५३ मध्ये जे. पॉल गेटी यांनी तो लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाला दिला.

मदीनेत फर्श कापली गेली ती सर्वांना वाटा मिळावा म्हणून. इथे गालिचा कापला गेला तो दुसऱ्याला जास्त भाव यावा म्हणून. पहिल्या घटनेला आजही ‘कलेचा विध्वंस’ म्हटले जाते. दुसरीला ‘दुरुस्ती’ म्हणतात.

केरमानची मुले

त्या काळात युरोप-अमेरिकेत फारसी गालिच्यांची मागणी प्रचंड वाढली होती. मँचेस्टरच्या झिगलर कंपनीने सुलतानाबादेत, म्हणजे आजच्या अराक शहरात, बस्तान बसवले. ती विणकरांना लोकर आणि नक्षी पुरवायची, बायका घरी विणायच्या, माल परदेशी जायचा. इंग्रजी दिवाणखान्याला शोभतील असे फिके रंग आणि मोठी नक्षी आली. स्वस्त रासायनिक रंगही आले. ते पाण्याने आणि उन्हाने उडत, म्हणून नासिरुद्दीन शाहाच्या सरकारला त्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

केरमानमध्ये शालींचा धंदा बसला आणि विणकर गालिच्यांकडे वळले. तिथे मागावर लहान मुले बसवली गेली. कोंदट, ओलसर, अंधाऱ्या खोल्यांत फळीवर पाय दुमडून दिवसभर बसल्याने वाढत्या वयाच्या मुलांचे पाय वाकत. मुलींच्या कमरेची हाडे दबून राहत आणि पुढे बाळंतपणात त्यांच्या जिवावर बेतत असे. तिथल्या मिशनरी डॉक्टरांनी हे लिहून ठेवले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इराण सरकारकडे विचारणा केली. अखेर १९२३ मध्ये केरमानच्या प्रांताधिकाऱ्याने हुकूम काढला. दिवसाला आठ तास काम, आठ वर्षांखालील मुलगे आणि दहा वर्षांखालील मुली मागावर नकोत, तळघरात आणि ओलसर जागेत कारखाना नको. अंमल ढिलाच राहिला. तरीही इराणमधल्या कामगार कायद्याचा आरंभ ज्या थोड्या कागदांपासून होतो, त्यांत हा एक आहे. तो कागद या मुलांच्या वाकलेल्या पायांनी लिहिला.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सतराव्या शतकातला एक फारसी गालिचा ३ कोटी ३७ लाख डॉलरला विकला गेला. तो केरमानचा मानला जातो.

आग्रा आणि येरवडा

ही गोष्ट एकट्या इराणची नाही. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहिले आहे की अकबराने उत्तम गालिचे विणणारे आणून वसवले आणि आग्रा, फतेहपूर, लाहोर येथे काम सुरू झाले. तरीही केरमान आणि सब्जवारचा माल व्यापारी आणतच होते. पुढे इंग्रजांच्या राज्यात ही कला तुरुंगांत गेली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी विणलेला, विंडसर किल्ल्यातला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी विणला. १९९२ च्या आगीत तो गुंडाळून बाहेर काढायला ५० सैनिक लागले. आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगातही गालिचे विणले जात. इथे तर विणणाऱ्याला नावाऐवजी कैदी क्रमांक होता.

खोट आणि मोल

गालिचे विकणारे एक गोड गोष्ट सांगतात. परिपूर्ण फक्त अल्लाह आहे, म्हणून इराणी विणकर मुद्दाम एक चूक ठेवतात. मला ही गोष्ट फारशी पटत नाही. ३० लाख गाठी मारणाऱ्या माणसाला चूक मुद्दाम करावी लागत नाही. या गोष्टीत विणकराच्या नम्रतेचे कौतुक आहे, पण त्याच्या मजुरीचा विषय नाही. प्रेषितांची (स.) शिकवण मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी देण्याची आहे. ती मला या गोष्टीपेक्षा जास्त इस्लामी वाटते.

२०१० मध्ये युनेस्कोने काशान आणि फार्स या दोन ठिकाणच्या गालिचा विणण्याच्या कौशल्याला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. काशानमध्ये ही विद्या आजी आणि आईकडून मुलीकडे जाते. फार्समधल्या भटक्या कश्काई जमातीत पुरुष मेंढ्यांची लोकर कातरतात आणि बायका कागदावरच्या नक्षीशिवाय विणतात. नक्षी त्यांच्या डोक्यात असते, म्हणून एकीचा गालिचा दुसरीसारखा होत नाही. तिथे विणणारीच नक्षीकार असते. नाव नसले तरी ती स्वतः त्यात असते.

आज त्याच काशानच्या परिसरात यंत्रावर गालिच्यांचे ढीग पडतात. २०१८ पासून अमेरिकेचे दरवाजे निर्बंधांमुळे पुन्हा बंद आहेत. निर्बंध लादले जातात सरकारवर. माग बंद पडतो तो खेड्यातल्या बाईचा.

आपल्याकडे हज-उमराहून येणाऱ्या जानमाजा बहुतेक यंत्राच्याच असतात, आणि त्यावर नमाज पढण्यात काही कमी नाही. पण हाताने विणलेला गालिचा कधी समोर आला, तर जाणकार करतात तेच करावे. ते आधी नक्षी पाहत नाहीत. कोपरा उचलून गालिचा उलटा करतात, कारण खऱ्या गाठी मागच्या बाजूला दिसतात. इतिहासही असाच उलटा करून वाचायला हवा.