पंख्याच्या शाफ्टचे बेअरिंग

कटलेस बेअरिंग : शिडाच्या बोटीत इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या शाफ्टला बुडाशी आधार देणारी, आतून खाचांचे रबरी अस्तर असलेली नळी, बहुधा पितळी. वंगण समुद्राच्या पाण्याचेच. ते खाचांतून खेळते, शाफ्ट थंड ठेवते, वाळूही बाहेर नेते.

रबराआधी हे काम लिग्नम व्हिटे या कॅरिबियन प्रदेशातल्या जड, तेलकट लाकडाकडे होते. इंग्लंडमध्ये जॉन पेन यांनी १८५४ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

बोट किनाऱ्यावर चढवून पंखा वरखाली हलवला आणि शाफ्ट खडखडला, की बेअरिंग बदलायचे. जुनी नळी पुलरने ओढतात. अडून बसलीच तर शाफ्ट काढून ती करवतीच्या पात्याने आतून उभी चिरतात. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसतील, तर नवे रबरही एकाच बाजूने झिजते.