उद्योगाचे गणित

आपल्या ज्ञातीतील एखादा मुलगा गणितात मागे पडला, की ‘आमच्या घराण्यात गणित नाही’ असे म्हणून वडील मंडळी मोकळी होतात. जणू बुद्धी ही वतनासारखी वारसाहक्कानेच मिळावयाची! ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी आम्ही यंदा एका शाळामास्तरांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते कोणत्या ज्ञातीचे, हा विचार आम्ही येथे केलेला नाही. विद्येला ज्ञाती नसते.

कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच त्यांस मातृवियोग घडला. वडील कारकून होते. ठाण्यास शालेय शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले व तेथे १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिकाचे मानकरी ठरले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर नाशिकजवळील देवळाली येथे त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली, ती १९६२ साली निवृत्त होईपर्यंत. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचा आश्रय नाही. दिवसा वर्ग घ्यावा आणि उरलेला वेळ अंकांच्या संगतीत घालवावा, हाच त्यांचा नित्यक्रम.

या संगतीचे फळ पाहा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर ९५१० मधून ०१५९ वजा जाऊन ९३५१ येतात. पुढे अनुक्रमे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीस ६१७४! तेथून पुढे मात्र नेहमी ६१७४ च. कोणतीही संख्या घ्या, सात पायऱ्यांच्या आत हीच गाठ पडते. १९४६ साली लागलेला हा शोध आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखला जातो. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांनाही त्यांचेच नाव मिळाले आहे. स्वयंभू संख्या, हर्षद संख्या ही नावेही त्यांचीच.

त्यांच्या हयातीत आपल्याकडील अनेक विद्वानांनी या कार्यास पोरखेळ मानले. कापरेकरांनी वाद घातला नाही. लहान लहान पुस्तिका स्वतःच छापून काढल्या. निवृत्तीनंतर वेतन अपुरे पडू लागले, तेव्हा शिकवण्या केल्या, पण अंकांची साथ सोडली नाही. अखेर १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते! १९८६ साली देवळालीसच त्यांचे देहावसान झाले.

६१७४ गाठण्यास वजाबाकीपलीकडे काही लागत नाही. ती इयत्ता तिसरी-चौथीच्या मुलासही येते. लागते ती पुन्हा पुन्हा तीच क्रिया करण्याची चिकाटी. ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या मुलामुलींच्या हाती पाटी द्या, आणि पहिल्या पायरीवर उत्तर आले नाही म्हणून ती काढून घेऊ नका. कदाचित ते सातव्या पायरीवर असेल.