यवतमाळ जिल्हा : अर्थव्यवस्था व व्यापाराच्या रीती

विदर्भाच्या दक्षिणेला वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला जिल्हा. क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी., तालुके सोळा, लोकसंख्या २७.७२ लाख (२०११). शेती बहुतांशी कोरडवाहू. काळ्या जमिनीत कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन पिकते. कापूस हे व्यापाराचे पीक असले, तरी कास्तकार तो केव्हा आणि कोणाला विकतो हे भावापेक्षा देण्याच्या तारखांवर ठरते. जिल्ह्याची अर्थव्यवस्था समजून घ्यायची तर पिकांच्या आकडेवारीआधी उधारीचे वेळापत्रक पाहावे लागते.

वर्ष सुरू होते गुढीपाडव्याला. त्या दिवशी सालगड्याचे साल ठरते. मोबदल्यात रोख रकमेबरोबर धान्याचाही वाटा असतो. मृगाच्या तोंडावर बी आणि खत कृषी केंद्रातून उधार उचलले जाते. २००२ नंतर बीटी कपाशीचे संकरित बियाणे आले. घरचे बी राखण्याची सोय संपली आणि पेरणीची ही रोख गरज दरवर्षीची झाली. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास शेतात सीतादही ही वेचणीआधीची पूजा करून वेचणी सुरू होते. वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते आणि ती आठवडी बाजाराच्या आत द्यावी लागते. त्यामुळे पहिल्या वेचणीचा माल घरात थांबत नाही. खेडा खरेदीचा व्यापारी दारातच काटा लावतो, ओलाव्याच्या नावाखाली कट्टी कापतो आणि पैसे हातावर ठेवतो. भाव कमी आहे हे विकणाऱ्याला पुरते ठाऊक असते.

बाजार समित्या आणि हमीभाव असताना ही रीत टिकावी कशी, हा आक्षेप रास्त आहे. शेतमालाच्या बाजाराला कायद्याची चौकट देणाऱ्या देशातील पहिल्या प्रांतांत वऱ्हाड होता. १८९७ चा कापूस व धान्य बाजार कायदा इथलाच. पण तो कायदा आणि त्यानंतरचे नियम माप, अडत आणि हर्रास यांपुरते. पेरणीआधीच्या उधारीला ते हात लावत नाहीत. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेचा हेतू मोठा होता आणि तिने भावाला आधारही दिला. मात्र पैसे टप्प्याटप्प्याने मिळत, चुकारे लांबत आणि निकड असलेला माणूस पुन्हा व्यापाऱ्याकडेच वळे. आज भारतीय कापूस निगमच्या केंद्रावर मीटरचा काटा कापसात खुपसतात. ओलावा आठ टक्क्यांपुढे गेला की भाव उतरतो आणि बारांपुढे गेला की गाडी परत. पहिल्या वेचणीचा माल ओलसर असतो, आणि पैशाची गरजही तेव्हाच सर्वांत मोठी असते. हमीभाव कागदावर कितीही चांगला असो, या दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात येतात, तोवर त्याचा लाभ थांबू शकणाऱ्यालाच अधिक मिळणार.

यंत्रांनी गती वाढवली, पण मूल्याचा मोठा वाटा बाहेरच गेला. मूर्तिजापूर–यवतमाळ ही नॅरोगेज ‘शकुंतला’ कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी एका खाजगी ब्रिटिश कंपनीने बांधली. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन क्विंटलभर कापसातून जेमतेम एक तृतीयांश रुई निघते. तिच्या गाठी बांधल्या जातात आणि बहुतेक गाठी दूरच्या गिरण्यांकडे जातात.

दुसरा आक्षेप असा की आता जिल्हा केवळ कापसाचा राहिलेला नाही. वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत, मुकुटबनला सिमेंट आहे, यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीत डेनिम विणले जाते, पुसद-उमरखेडकडे ओलिताखाली ऊस आहे. हे खरे आहे आणि वणीच्या बाजारपेठेत जाणवतेही. तरी घाटंजी, आर्णी, राळेगाव, केळापूर येथील दुकानदार उधारीची वही कापसाच्या चुकाऱ्यावरच मिटवतो. केळापूर आणि झरी जामणीतील कोलाम व गोंड वस्त्यांमध्ये तर उधारीचा दर आणखी कडक असतो, कारण तारण ठेवायला जमिनीखेरीज काही नसते. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, तेव्हा शेतकरी आत्महत्यांच्या या पट्ट्यात यवतमाळचे नाव अग्रभागी होते. व्याजमाफी आणि थकीत कर्जाची फेरबांधणी तेव्हा बँकांच्या कर्जापुरती झाली. कृषी केंद्राची आणि सावकाराची उधारी तिच्या बाहेरच राहिली.