ठाण्याचे चार हुतात्मे: ७०० वर्षांपूर्वी कोकणात मारले गेलेले ख्रिस्ती साधू कोण होते?

ठाण्याचे चार हुतात्मे म्हणजे एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात मारले गेलेले फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू. महाराष्ट्राच्या भूमीशी जोडलेली मध्ययुगीन ख्रिस्ती संतांची ही सर्वांत ठळक कथा आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशी ज्यांचं नातं सांगितलं जातं, ते संत नामदेव परंपरेनुसार तेव्हा पन्नाशीत होते. म्हणजे एकाच काळात एकीकडे वारकरी संतपरंपरा बहरत होती आणि दुसरीकडे कोकण किनाऱ्यावर हे घडत होतं.

हे चौघे कोण?

इटलीतल्या टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डेमेट्रिअस. तिफ्लिस म्हणजे जॉर्जियाची आजची राजधानी तिबिलिसी. डेमेट्रिअस यांना अनेक भाषा येत, त्यामुळे ते दुभाष्याचं काम करत. थॉमस त्यांच्यात ज्येष्ठ होते. साधूंनी काटेकोर गरिबीतच राहावं, या आग्रहापायी त्यांनी स्वतःच्याच पंथात तुरुंगवास सोसला होता.

ते ठाण्यात कसे आले?

त्यांना जायचं होतं चीनला. वाटेत केरळातलं कोल्लम गाठण्याचा बेत होता; पण जहाज ठाण्याला लागलं. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडच्या सिरियाई परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. त्यांतल्याच एका घरी साधू उतरले.

नेमकं काय घडलं?

त्या घरातल्या नवरा-बायकोचं भांडण काझीपुढे गेलं आणि साधूंना साक्षीसाठी बोलावलं गेलं. तिथे विषय धर्मावर गेला. पैगंबरांविषयी त्यांचं मत विचारलं गेलं आणि त्यांच्या उत्तरानं वातावरण पेटलं. थॉमस, जेम्स आणि डेमेट्रिअस आधी मारले गेले. पीटर नंतर सापडले आणि त्यांनाही ठार करण्यात आलं. त्यांच्यासोबत आलेले डॉमिनिकन साधू जॉर्डनस तेव्हा ठाण्याबाहेर होते, म्हणून वाचले. त्यांनी चौघांचे देह सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात पुरले.

अस्थींचा प्रवास

काही काळाने इटालियन प्रवासी साधू ओडोरिक ठाण्यात आला. त्यानं अस्थी उकरून घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनच्या झैतून बंदरात, आजच्या च्वानचौमध्ये नेल्या. तिथे फ्रान्सिस्कनांचे मठ होते. त्या काळच्या ख्रिस्ती समजुतीत संताच्या अस्थी, वस्त्र, रक्त यांना मोठं मोल होतं. वारा पडून जहाज अडकलं तेव्हा एक अस्थी समुद्रात टाकली आणि वारा सुटला, असं ओडोरिक सांगतो. हा चमत्कार मानायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. पण अस्थींवरची श्रद्धा किती खोल होती, ते यातून दिसतं.

आधी लोक, मग रोम

ओडोरिकनं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. साधू जिथे मारले गेले, तिथली माती ठाण्याचे लोक आजारपणात पाण्यात कालवून पीत. हे लोक ख्रिस्ती नव्हते. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. अंगारा लावणाऱ्या, दर्ग्याचा धागा बांधणाऱ्या महाराष्ट्राला हे मुळीच परकं वाटणार नाही.

कॅथलिक चर्चमध्ये मात्र संतपदाची रीतसर प्रक्रिया असते. आधी ‘धन्यवादित’ आणि मग ‘संत’ अशा तिच्या दोन मुख्य पायऱ्या आहेत. थॉमस यांच्या पूजनाला पोप तेरावे लिओ यांनी १८९४ मध्ये मान्यता दिली. म्हणजे मृत्यूनंतर तब्बल ५७३ वर्षांनी, आणि तीही पहिल्या पायरीची. म्हणून त्यांना आजही ‘धन्यवादित थॉमस’ म्हणतात. त्यांचा स्मरणदिन ९ एप्रिल. तुलनेसाठी, १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत क्रुसावर मारले गेलेले वसईचे गोन्सालो गार्सिया १८६२ मध्ये ‘संत’ घोषित झाले.

ओडोरिकच्या नोंदीवर विश्वास ठेवायचा, तर ठाण्याच्या लोकांनी या साधूंना कधीच मानून टाकलं होतं. त्यासाठी त्यांना कुणाच्या घोषणेची गरज पडली नाही.